सुकटीची चौकशी आणि गुरुवार

पनवेल, शुक्रवार, १३ डिसेंबर १९९१

चि. ऋचास आजीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

काल सगळ्यात आधी माझ्याकडे टपकल्या त्या तुझ्या ऑफिसातल्या दोघी, दिपा आणि मिताली. मी अजून केस विंचरत होते. गोड आहेत, पण किती वाळल्यात. तुम्हाला जेवायला सुट्टी देत नाहीत का गं?

सोसायटीतली एकोणीस घरं फिरल्या. सुकट खाता का, तिच्याबद्दल काय वाटतं, पाकिटातून मिळाली तर घ्याल का. सेक्रेटरी कृष्णकांतची बायको कुमुद म्हणाली, छे, आमच्यात असलं चालत नाही. माहेर उरणचं, आणि म्हणे चालत नाही. तिच्याच नवऱ्याने फाटकाजवळच्या फळ्यावर लिहिलंय, सुकी मासळी विकणारीने वर येऊ नये, कोणी घरात भाजू नये. करंजाची आपली मैना वीस वर्षं येते, तिला परवा फाटकातून परत पाठवलं. ती म्हणाली, आजी, आमी काय चोरीचा माल विकतो काय?

मी मुलींना सांगितलं, माझं नाव घालून लिहा, शशिकलाबाई खातात, दोनदा वाढून घेतात. फळा पुसला जाईपर्यंत मी दार उघडं टाकूनच भाजणार.

गुडघा बरा आहे. माया असू दे.
तुझी आजी


मुंबई, १९ डिसेंबर १९९१

ती. आजीस सा. न. वि. वि.

एकोणीसपैकी अठरा घरं 'नाही' म्हणाली. सर म्हणतात, लोकांना सुकटीची लाज वाटते, पाकिटांचा बेत सोडून देऊ. मैनासारख्या बायकांना सुकट निवडण्याचं काम मिळालं असतं. आमचं काय चुकलं? दोघींना एकदा परत पाठवायला सर तयार झालेत. दिवस तू सांग.

तुझी,
ऋचा


पनवेल, गुरुवार, ९ जानेवारी १९९२

चि. ऋचास अनेक आशीर्वाद. वि. वि.

मागच्या कार्डावर मी 'मार्गशीर्ष संपू दे, मग बुधवारी पाठव' एवढंच लिहिलं होतं. अगं, मार्गशीर्षातला गुरुवार, घरोघर घट मांडलेले, आणि तुम्ही दारात उभ्या राहून सुकट खाता का विचारता. कोण हो म्हणेल? मी हो म्हटलं, पण माझी गोष्ट वेगळी.

काल मैनाला मी स्वतः फाटकातून हात धरून वर आणलं. कृष्णकांत आडवा आला. त्याला म्हटलं, माझी पाहुणी आहे, पाहुण्यांबद्दल फळ्यावर काही नाही. सगळ्याजणींना हळदीकुंकवासारखं घरी बोलावलं. मुलींना बजावलं, खाता का हे विचारायचंच नाही, गप्प बसून बघा.

मग मी सुकट भाजायच्या आधीच पाण्यात घातली, मुद्दाम. मैनाने हसू लपवायला तोंडाला पदर लावला. कुमुद दोन मिनिटं कशीबशी बसली, मग उठून माझ्या हातातलं पातेलंच घेतलं. म्हणाली, अहो काकू, आधी कोरडी भाजा, मग धुवा, असं केलंत तर वास घरभर होणारच, आमची आई कैरी घालायची, कैरी नसेल तर कोकम. दिपा लिहून लिहून थकली. मग बाकीच्यांना कंठ फुटला. कोण डब्यात कुठे लपवते तेसुद्धा निघालं.

फळा अजून आहे. पण जाताना मैनाची पाटी उचलून द्यायला कुमुदच उठली, कृष्णकांतच्या देखत.

मुली पाकिटं दाखवायला परत येतो म्हणाल्या, बुधवारी, पंधरा तारखेला. कुमुदच्या स्वयंपाकघरात.

तुझी आजी