काकूंची चार रोपं

फ्रीमाँट, कॅलिफोर्निया
१४ ऑक्टोबर २००५

प्रिय दादा,

सहा वर्षांनी माझं अक्षर बघून पत्र फाडू नकोस. पत्ता रत्नाअक्कानं दिला. कालपासून माझं डोकं बधिर झालंय, हॉटेलात आज सात पोळ्या करपवल्या. पण सगळं सुरवातीपासून सांगतो.

मी इथं प्रल्हादकाकांच्या हॉटेलात पोळ्या लाटतो, त्यांच्याच घरामागच्या खोलीत राहतो. जूनमध्ये काकांनी मला परसात बोलावलं. म्हणाले, सोपान, तू रोपवाटिकेतला गडी, ही रोपं चार दिवसांपूर्वी मोठ्या कुंड्यांत हलवली, बघ काय झालंय ते. बघतो तर काय, गांजा! गुडघ्याएवढी चार झाडं. पानं लोंबलेली, कडा तळलेल्या पापडासारख्या, हात लावला की चुरा. म्हटलं काका, पोलीस तुम्हाला उचलतील आणि मला थेट विमानात कोंबतील. काका हसले. सुमित्राकाकूंना कॅन्सर आहे, औषधांनी पोटात काही ठरत नाही, म्हणून डॉक्टरनं चिठ्ठी दिलीय म्हणे. गांजाची चिठ्ठी, दादा! डॉक्टरची! मी ती उलटीसुलटी करून बघितली, जणू मला वाचताच येणार होती.

मग एकेक विचारत गेलो. रोपं घरात दिव्याखाली वाढलेली. काकांनी ती पंचांग बघून अभिजित मुहूर्तावर लावली, म्हणजे भर दुपारच्या उन्हात! मुळं नळाखाली धुतली, नव्या घरात मातीचे पाय कशाला म्हणून. वर दुप्पट खत, बिचारी अशक्त आहेत म्हणून. मी म्हटलं, काका, पाणी ओढणारी बारीक मुळंच तुम्ही धुऊन टाकली, वरून ऊन, खालून खत, ते रोप पिणार कशानं? काकू खिडकीतून म्हणाल्या, आमच्या लग्नाचा मुहूर्तही ह्यांनीच काढला होता बरं का.

पुढं सगळं तू शिकवलेलंच केलं. कुंड्या सावलीत ओढल्या, काकूंच्या जुन्या सुती साडीचा मांडव घातला, साध्या पाण्यानं खत धुऊन काढलं आणि वरची माती सुकेपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही. काका झारी घेऊन यायचे, मी हिसकावून घ्यायचो. करपलेलं पान परत हिरवं होत नाही, शेंड्याकडं बघायचं, हे तूच टोमॅटोच्या वाफ्यावर शिकवलंस. नवव्या दिवशी शेंडा फुटला. एक गेलं, तीन जगली.

काल काकांनी त्यातला पाला तुपात कढवला आणि काकूंना तिखट सांजा करून दिला. महिनाभर पेजेवर असलेली बाई वाटीभर जेवली. वर मला म्हणते, अजून आहे का रे? मी वाटी घ्यायला गेलो. आत रव्याला हिरवे ठिपके चिकटलेले. आणि तो वास, आईच्या सांज्याचा. दादा, माझ्या हातातून वाटी सुटली.

आई आजारी होती तेव्हा तू चुलीपाशी कुणाला येऊ देत नव्हतास. तिचा सांजा तूच करायचास, आणि ती जेवायची. मी म्हणायचो, दादा कोथिंबीर लई घालतो. मग विहिरीमागं ती तीन झाडं मला दिसली. दादा गांजा ओढतो, असं आबांना मीच सांगितलं. आबांनी तुला हाकललं, झाडं मी उपटली. आई त्यानंतर जेवलीच नाही, बाविसाव्या दिवशी गेली. तू खांदा द्यायला आलास तेव्हा आबा फाटक उघडू नका म्हणाले, आणि आतून कडी मी धरली होती. तुझ्या तोंडाला कधीच वास आला नव्हता, हे मला काल आठवलं. ती झाडं तिच्यासाठी होती ना? मग तू बोलला का नाहीस रे? की आबांना सांगू नको म्हणून आईनंच शपथ घातली होती? माफी मागायला मला तोंड नाही. ती झाडं आईसाठी होती का, एका ओळीत फक्त हो की नाही लिही. हो असेल तर आबांना मीच सांगणार, फोनवर नाही, त्यांच्यासमोर बसून. चुगली मी केली होती, तर हेही माझ्याच तोंडून त्यांनी ऐकायला हवं.

कडी धरणारा, तरी तुझाच,
सोपान