ओढा नाही, असं तू लिहिलंस

प्रिय वान्विसा,

तुझ्या रस्ते कार्यालयाने कोर्टाला दिलेलं उत्तर माझ्या टेबलावर आलं. शेवटच्या पानावर मसुदा करणारी म्हणून तुझं नाव पाहून आधी आनंदच झाला. मग वाचलं. 'सदर जागी ओढा नसून कोरडा चर आहे, त्यावरून रस्ता करण्यास हरकत नाही.' सोबत एप्रिलमधले फोटो. एप्रिलमध्ये आपल्या ईसानात, थायलंडच्या या ईशान्य कोपऱ्यात, काय कोरडं नसतं गं?

अर्ज खाम्फुन आजीचा. तुमच्या भरावाने ओढा बुजला आणि खालच्या तिच्या खाचरांत यंदा रोपं लावायलाही पाणी नाही. ती प्रशासकीय कोर्टात आली तेव्हा प्रकरण अधिकारी म्हणून मीच समोर होते. वकील कुठून आणू, या काळजीत होती. मी ऐटीत सांगितलं, की इथे कोर्ट स्वतःच खरं शोधतं. घरात कायद्याचं पुस्तक उघडणारी मी पहिली. ते वाक्य मला फार आवडायचं.

तुमचं उत्तर तिला पाठवलं, महिन्यात म्हणणं मांडायला सांगितलं. तिचं काहीच आलं नाही. आमचे वरिष्ठ सोमखित म्हणाले, "अर्जदार गप्प, तर फाइल बंद. तू काय तिची नात आहेस?" मी आजीला फोन केला. ती म्हणाली, "पोरी, कोर्ट शोधणार म्हणालीस ना? मग मी कशाला साहेबांच्या तोंडाला लागू? पाकीट बुद्धांच्या फळीवर ठेवलंय, जपून. फोडलंसुद्धा नाही."

तिचं म्हणणं आलं नाही तर फाइल बंद होते, हे मी सांगितलंच नव्हतं; माझ्या अर्धवट वाक्याने तिला गप्प केलं. ती चूक माझी, आणि त्या चुकीची मला लाज वाटते. पण तू? कॉलेजच्या तिसऱ्या वर्षीच्या शिबिरात आजीच्याच गावची शाळा रंगवली आपण. दहा दिवस रोज त्याच ओढ्यात भांडी घासली. तुझी चप्पल वाहून गेली, ती आजीच्या नवऱ्याने जाळं टाकून काढून दिली. त्यांच्याच पंगतीला बसून चिकट भात आणि आंबवलेले मासे खाल्लेस. आणि आता 'कोरडा चर'? वरून सांगितलं म्हणशील. वरून मलाही सांगितलं होतं.

मी सगळं न्यायाधीशांपुढे मांडलं. ओढा मी पाहिलाय, म्हणजे मी साक्षीदार. म्हणून फाइल माझ्याकडून काढून घ्या, असंही लिहून दिलं. त्यांनी घेतली. आजीला मुदत वाढवून मिळाली, आणि सोमवारी ते स्वतः गावात जागा बघायला जाणार आहेत. शिबिरातला फोटोही फाइलला लागलाय: हातात पातेली घेऊन पाण्यात उभ्या दोन मुली. दुसरी कोण, असं त्यांनी विचारलं. मी तुझं नाव सांगितलं. हे पत्रही लपून लिहीत नाही, याची प्रत फाइलला जाईल. सोमवारी ते तुला विचारतील, पाणी कुठवर होतं. फोटोत ते तुझ्या गुडघ्याच्या वर आहे. त्यांनी विचारायच्या आत तूच उत्तर दुरुस्त करून पाठव. तेवढ्यासाठीच लिहिलं.

तुझीच,
लामदुआन
(फोटोतली डावीकडची)