कुंकवाखालचा नंबर

वडवणी, गुरुवार, १९९९

कॉम्प्युटरवर लिनक्स ही नवी प्रणाली चढवून चार दिवस झाले, तरी पडद्यावर नुसती अक्षरं. चित्रं दाखवणारं कार्ड जुनं. त्याच्या चिपचा नंबर द्यावा लागतो. मी अंदाजाने नंबर भरत बसलो. डबा उघडून का बघत नव्हतो, ते मलाच माहीत.

आज रेडिओ मेकॅनिक सलीमभाईंनी उघडला. म्हणाले, "नंबर कुंकवाखाली हाय. तुमीच पुसा."

बाबांनी लावलेलं कुंकू. जन्मभर पिठाची गिरणी चालवली. दसऱ्याला प्रत्येक यंत्र उघडून आत बोट टेकवायचे. म्हणायचे, वरच्या पत्र्याची कसली पूजा. यंदा ते नाहीत.

पुसलं. नंबर भरला, चित्रं आली. सलीमभाई चहा पिऊन गेले. डबा बंद करण्याआधी चिपवर कुंकवाचं बोट लावलं. नंबर सोडून, कडेला.