एक पांढरी बांगडी

मंगळवार, संध्याकाळ. दिग्रस.

आज प्लास्टिक तापवून वाकवाच्या आमच्या दुकानात केलं ते बरोबर केलं का, हेच कळून नाही राह्यलं.

बंजारा तांड्यावरची एक म्हातारी आली. हातात दंडातली पांढरी प्लास्टिकची बांगडी, एकच. नवरा वारला तेव्हा बायांनी तिच्या साऱ्या उतरवल्या, ही एक तिनं लपवली होती. म्हणे, "दंड जाड झाला आता. गरम करून जरा मोठी कर, मले घालाची हाय."

मी तिच्या बोलीत आईले म्हणतात तसं म्हटलं, "याडी, लोक काय म्हणतीन?"

"काढल्या तवा मले कोणी इचारलं?"

मी बांगडी घेतली. रोजच्यासारख्या माझ्या बांगड्या खिळ्याले टांगल्या, भट्टीजवळ त्या चटकतात. तिची बांगडी आत ठेवली, तर मोठी होण्याऐवजी सरळ पट्टीच झाली! पट्टी वाकवून केलेला माल तापला की पुन्हा सपाट होते, हे मी रोज गिऱ्हाइकाले सांगते अन् आज मीच विसरली. मले वाटलं, वाटोळं केलं. पण तिनं पदर सारला, दंड पुढं केला. "याच्या मापानं वाकव."

सुतळीनं माप घेतलं, तेवढ्या पाइपावर पट्टी वाकवली. तिनं ती घातली, पदराखाली झाकली अन् गेली.

झाकाचीच होती तर घातली कायले? अन् मी कोण इचारणारी?

आता भाकरी थापताना सासूबाईनं टोकलं, "हात उघडे कायले? नवरा बसला ना समोर जिता!" माझ्या बांगड्या दुकानातच, खिळ्याले.

मी पटकन डब्यातल्या लग्नातल्या दोन घातल्या. लय घट्ट होतात. तरी घातल्या.