कोऱ्या गाडीतलं भूत

३ मार्च, मंगळवार

निघालो एकदाचा! कोरी गाडी. सीटवरचं प्लास्टिक काढायचं नाही अशी ताईची सक्त ताकीद — पाठ चिकटते, उठताना कातडं सोलल्यासारखा आवाज होतो. मागे फरशा. गोदीत उतरवायच्या आणि परत.

परत — हे तिच्या डोक्यातलं. माझ्या डोक्यात दुसरंच. लांबू, माझा जुना दोस्त, गोदीत आहे, बोटीवर. त्याचा निरोप: ‘भटारखान्यात एक माणूस कमी आहे. चौदाला सुटतो. यायचं तर ये, नंतर रडू नको.’ फरशा उतरवायच्या, गाडी फाटकाशी लावायची, किल्ली पहारेकऱ्याकडे द्यायची आणि चालू पडायचं. ताईला चिठ्ठी लिहीन. किंवा नाही लिहिणार. तोंडावर सांगितलं तर ती रडणार नाही, नुसती बघत राहील. ते नको.

गाडी ताईच्या नावावर. शिवणयंत्र चालवून चालवून घेतलेली. दाजींची कंबर गेली, लांबचा पल्ला झेपत नाही, म्हणून मी. ‘भिंगरीला चाकं दिली की ती घरी परत येते,’ — इति दाजी. भिंगरी म्हणजे मी. पायालाच बांधलेली आहे म्हणतात.

काल ताई दुपारभर केबिनमध्ये होती. काचा पुसते म्हणाली. उतरली तेव्हा बोटातून रक्त. ‘काय लागलं?’ तर ‘गप रे, तुझं तू बघ.’ काचा मात्र आहेत तशा धुळकट!

४ मार्च

भोंगा आपोआप वाजला. मी हातही लावला नव्हता! पुढे एक आजोबा सायकलवर. बिचारे सायकलसकट खड्ड्यात उतरले आणि माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मी खिडकीतून हात जोडतोय, आणि भोंगा चालूच.

मग आपोआप गप्प.

वाटेत एक पक्षी दिसला, शेपटी अंगाच्या दुप्पट. गाडी थांबवून बघत बसलो. तासभर गेला असेल. नाव कुणाला विचारणार?

५ मार्च

पुलावर मेली. चढताना डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदम लागले — लाल, पिवळे, माहीत नसलेलेही — आणि इंजिन बंद. मागे रांग. एक जण ओरडला, ‘नवीन आहे ना? मग ओवाळ तिला!’

ताईचा फोन आला. ‘पुलावरच आहेस का अजून?’ हो म्हटलं. घाबरू नको म्हटलं. शेवटी ओढून आणली. आता कंपनीच्या वर्कशॉपमध्ये आहे.

६ मार्च

इथले साहेब लॅपटॉप घेऊन आले, वायर जोडली, बघितलं. ‘फॉल्ट दाखवत नाही.’

‘साहेब, पुलावर बंद पडली.’

‘इथे चालू आहे.’

आहेच चालू! वर्कशॉपच्या आवारात शिरली आणि पाहुण्यांसमोरच्या पोरीसारखी शहाणी झाली. भोंगा दाबला की वाजतो, सोडला की थांबतो. मीच खोटा पडलो.

तरी ‘निरीक्षणाखाली ठेवू’ म्हणाले. ड्रायव्हर गाडीजवळच हवा, माल भरलेला आहे, आमची जबाबदारी नाही. म्हणजे मीपण निरीक्षणाखाली. चारी बाजूंनी पत्र्याची भिंत, एक फाटक, संध्याकाळी त्याला साखळी. झोपायचं केबिनमध्ये. प्लास्टिकवर.

७ मार्च

वायपर. कडक उन्हात. अर्धा मिनिट. कुणी बघितलं नाही.

९ मार्च

‘सगळं ओके, घेऊन जा’ म्हणाले. नवी बॅटरी टाकली होती. फाटकाबाहेर निघालो, पहिल्याच गतिरोधकावर — दिवे, भोंगा, मृत्यू. फाटकापासून चार पावलं! सगळ्या मेकॅनिकांनी मिळून आत ढकलली. ‘माहेर सोडवत नाही हिला,’ असं फ्यूज म्हणाला. फ्यूज म्हणजे इथला वायरमन. लवकर उडतो म्हणून नाव पडलं. माझ्यावर अजून उडालेला नाही, उलट चहा देतो.

परत लॅपटॉप. परत ‘दाखवत नाही.’ माझा जीव घुसमटतो. एका जागी इतके दिवस मी शाळेतही बसलो नव्हतो.

१० मार्च

लांबूचा फोन. ‘येतोस की दुसरा बघू?’ येतो म्हटलं. ‘कधी?’ मी फोन ठेवला.

पत्र्याची भिंत काही उंच नाही. टायरवर चढून पलीकडे उडी मारली की झालं. दुपारी चढूनही बघितलं. पलीकडे एक घोडा चरत होता, एक डोळा पांढरा. खूप वेळ आम्ही दोघं एकमेकांकडे बघत होतो. मग उतरलो.

चालती गाडी सोडून जाणं वेगळं. दाजी किंवा भाड्याचा ड्रायव्हर, कुणीतरी चालवेल. पण ही मेलेली धोंड ताईच्या गळ्यात बांधून पळायचं? तेवढा नालायक नाही मी. बहुतेक नाही. गाडीने मला बरोबर ओळखलंय — बंद पडली की हा हलत नाही.

ताईचा फोन: ‘हललाच नाहीस रे.’

११ मार्च (पेन्सिल फ्यूजची)

पेन पडलं. डॅशबोर्ड आणि काचेच्या फटीत. खालून हात घातला, पार खांद्यापर्यंत, जीभ बाहेर काढून. पेन नाही मिळालं. काहीतरी गरम लागलं. काडेपेटीएवढं. आत बारका लाल दिवा, लुकलुक.

त्याच्या वायरींना चिंधी गुंडाळलेली. निळे ठिपके. आमच्या घरचे पडदे! गाठही शिवणातली — दोरा दोनदा फिरवून मारतात ती. अशी गाठ जगात एकच बाई मारते.

फ्यूजला बोलावलं. तो उताणा झोपून आत शिरला आणि आतूनच हसायला लागला. ‘गाडी कुठे आहे ते मोबाइलवर दाखवणारा डबा आहे. बसवणाऱ्याने अर्थिंगचा बोल्ट काढला, डब्याची वायर त्याखाली घातली आणि बोल्ट नुसता हाताने पिळला. पान्हा नाही लावला! सगळ्या डॅशबोर्डचा अर्थिंग तिथेच. धक्का बसला की सैल, सैल झाला की भुताटकी.’

एवढ्यासाठी!

पान्हा लावला, एक पिळा. मग फ्यूज हळूच म्हणाला, ‘मी काही पाहिलं नाही. साहेबांनी पाहिलं तर तुझी वॉरंटी गेली.’ डबा काढून माझ्या खिशात घातला.

म्हणजे तो ‘पुलावरच आहेस का’... पूल मी तिला सांगितलाच नव्हता. ती बघत होती. घरी बसून, मोबाइलमध्ये, मला! इतका राग आला. आता तर चिठ्ठीसुद्धा लिहिणार नाही.

१२ मार्च

सकाळी फोन लावला. भांडायलाच.

‘ताई, चिंधी सापडली.’

तिकडे शिवणयंत्र चालू होतं. ते थांबलं.

‘बोल्ट घट्ट बसेना रे माझ्याच्याने. पान्हा ह्यांच्या पेटीत. पेटी उघडली असती तर विचारलं असतं ह्यांनी.’

‘त्या बोल्टनेच गाडी बंद पडत होती.’

‘अगं बाई! माझ्यामुळे?’ आणि हसायला लागली. मग हसणं कुठेतरी मधेच तुटलं. ‘मागच्या वेळी गेलास तेव्हा दोन दिवाणखाने शिवून झाले, तरी तुझा फोन नाही. पडदे, गाद्या, उश्या, सगळं. प्रत्येक उशी शिवताना वाटायचं, हा कशावर झोपत असेल. म्हटलं, निदान दिसशील तरी.’

भांडण कुठे गेलं कळलं नाही. तोंडातून बोटच बाहेर पडली. लांबू, भटारखाना, चौदा तारीख, किल्ली पहारेकऱ्याकडे. सगळं.

ती रडली नाही. बघत असेल. फोनवर दिसत नाही, एवढंच बरं.

‘पहारेकऱ्याकडे नको,’ म्हणाली. ‘दाजी येतील बसने, कमरेला पट्टा बांधून. त्यांच्या हातात दे. फरशा नीट मोजून उतरव.’

‘आणि डबा? परत बसवू?’

‘टाकून दे. गाडी कुठे आहे ते बघून मला काय करायचंय?’

१३ मार्च

पोचलो. एकदाही बंद पडली नाही! गतिरोधक मुद्दाम जोरात घेतले. फरशा उतरल्या, दोन फुटल्या. दाजी आले, एका अंगाने चालत. किल्ली घेतली, सीटवर बसले, प्लास्टिक करकरलं. ‘काय रे, काढलं नाहीस? शाब्बास.’ एवढंच बोलले. मग खिडकीतून हात काढून माझ्या डोक्यावर टपली मारली.

१४ मार्च

बटाटे सोलतोय. डोंगराएवढे. लांबू म्हणतो सवय होईल. किनारा आता पेन्सिलची रेघ. डबा चार्ज करून शर्टाच्या खिशात ठेवलाय, लाल दिवा चालू.

आत्ता मेसेज आला. ताईचा.

‘समुद्रात दिसतोयस. बुडालास का रे?’