मूठभर कोंडा

५ जून
आलो एकदाचे तेनकाशीला! घर झकास आहे. मागे परस, परसात शेवगा, आणि भांडी घासताना समोर डोंगर. खोकी उचलून नवरोबा इळंगो पाठ धरून बसलाय. कयल मात्र रिकाम्या खोक्यात बसून खूश. सोमवारी मला बँकेत रुजू व्हायचंय, त्याआधी या सात महिन्यांच्या महाराणीची सोय लावायला हवी.

७ जून
स्टँडमागच्या पाळणाघरात मुलं टीव्हीपुढे ओळीनं बसवलेली, सगळ्यांची नाकं गळतायत. कोपऱ्यावरच्या मामींना मूल रांगलेलंच खपत नाही, फरशी मळते म्हणे! मग पेच्चि आपणहून दारात आली, मूल सांभाळते म्हणाली. माझ्याच वयाची, विधवा. तुझं मूलबाळ, असं विचारलं तर नुसती हसली. अनोळखी माणूस दिसलं की कयल घर डोक्यावर घेते, ती हिच्याकडे झेपावली. तिथेच ठरलं. मनाला जरा लागलं, पण ते असो.

१९ जून
कयलचा ताप हटेना. पेच्चि म्हणाली, नजर लागलीय, मूठभर कोंड्याला लेक मला विकून टाका. नकोशी समजून दुखणं वाट सोडतं. वाढदिवसाला तोच कोंडा परत देऊन लेक सोडवून घ्यायची. सासूबाई फोनवर म्हणाल्या, विक गं बिनधास्त, इळंगोलाही मी शेजारणीला विकला होता, म्हणून तर एवढा टोणगा झालाय! हसत हसत पदरात कोंडा घेतला. नाव घेऊन द्यायचं असतं, म्हणून तीनदा कयल म्हणत तिला पेच्चिच्या ओटीत घातली. ताप उतरला. आता वाढदिवसापर्यंत तिला हाक मारायची ती तवुडू, म्हणजे कोंडाच. कोंड्याचा डबा देवापाशी ठेवलाय.

२ जुलै
मी घरी आले की कयल पेच्चिच्या खांद्यात तोंड लपवते. तिच्या अंगाला पेच्चिच्या तेलाचा वास येतो. पेच्चि म्हणते, "दमलीय हो ती अक्का, रागावू नका." माझ्या मुलीची वकिली माझ्यापुढे! इळंगो म्हणतो, चांगली बाई मिळाली तर तुझ्या का पोटात दुखतं? दुखतंय. जळते मी तिच्यावर, अगदी आतून जळते.

९ जुलै
कयल आज पहिल्यांदा अम्मा म्हणाली. पेच्चिला.
मी डबा उचलला आणि परसात उपडा केला. शेजारच्या कोंबड्यांनी कण न् कण टिपला. पेच्चिला सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस. तिनं एवढंच विचारलं, कोंडा कुठाय? मी कोंबड्या दाखवल्या. ती रागावली नाही. कयलला छातीशी धरून तिनं निवांत श्वास सोडला.

१० जुलै
कयल मला अंगाला हात लावू देत नाही. दूध आटलंय. रडून रडून निळी पडली तेव्हा इळंगोच जाऊन पेच्चिला घेऊन आला. मी गिरणीतून कोंड्याचं पोतं आणून तिच्यापुढे टाकलं, पाया पडले. तिनं चिमूट हुंगली. "हा तो नाही, अक्का."

१४ जुलै
बारशाचे फोटो पाहिले. माझी लाल साडी, माझा पाळणा, आणि मुलगी पेच्चिच्या मांडीवर. सासूबाईंना फोन लावला. त्यांनी विचारलं, कोण बोलतंय?

१७ जुलै
इळंगो मला अक्का म्हणाला. चेष्टा नव्हती. माझं अंथरूण मागच्या खोलीत — बँकेत माझ्या खुर्चीवर ती —

आज
घरच्या बाईंनी बोलावलं. बाळ सांभाळशील का, म्हणाल्या. मी हो म्हटलं. तुझं मूलबाळ, असं त्यांनी विचारलं. मी हसले.

पाऊस
तवुडू माझ्याकडे झेपावली. बाईंचं तोंड पडलं. मला बरं वाटलं, फार बरं —

तवुडूचं अंग आज कोमट लागतंय. देवा, चढू दे. ताप चढू दे. बाईंना सांगते, विकून टाका मला. कोंडा आहे माझ्याकडे, उशाशीच आहे. फक्त नाव — तीनदा घ्यावं लागतं — बाईही तवुडूच म्हणतात — खरं नाव, मी ठेवलेलं, मीच ठेवलं होतं ना, ते —