चुकीच्या बाजूची गिरकी

प्रिय पळपुटे,

मी रागावलेली आहे, आणि राग निवल्यावर लिहावं असं मला मुळीच वाटत नाही. फोन तू बंद करून ठेवलास, म्हणून हे कागदावर. पत्र तुझ्या आईच्या हातात देणार आहे. तिच्यासमोर न वाचता फाडायची तुझी हिंमत नाही, एवढं तुला ओळखते.

नाच शिकवायला शिकवते आहे मी, कितीतरी वर्षं. कुणी लग्न ठरलं म्हणून सोडून गेलं, कुणी गुडघा दुखावला म्हणून. पण 'माझ्यात आत्मविश्वास नाही, सॉरी मॅडम' एवढं मोबाइलवर लिहून गायब होणारी तू पहिलीच. आत्मविश्वास म्हणे! ते टायवाले पाहुणे व्याख्यान देऊन गेले ना, खांदे मागे, हनुवटी वर, रोज आरशात बघून हसा, तेव्हाच माझं डोकं फिरलं होतं. तू मात्र मान डोलावत होतीस. अगं, हनुवटी वर करून शिकवणाऱ्याला समोरची पोरं दिसणार कशी?

तुला ती दिसतात, म्हणून तर जास्त चीड येते. कुणाचं पोट दुखतंय, कोण घरून रडून आलंय, कुणाला आज मागच्या रांगेत लपायचंय, हे तुला दारातूनच कळतं. मला ते जमायला अर्धं आयुष्य गेलं. पण मोठ्या माणसाचं तोंड समोर आलं की तुझी अक्कल कुठे चरायला जाते? जगातली प्रत्येक आठी काय तुझ्यासाठीच पडते?

त्या बस ड्रायव्हरचंच घे. लेकीला सोडायला यायचा आणि मागच्या बाकावर कपाळाला आठ्या घालून बसायचा. दर वर्गानंतर तुझं रडगाणं, की त्यांना माझं शिकवणं पसंत नाही. परवा तो ऑफिसात आला. सांगत होता, घरी पोरगी पुढचं विसरते, म्हणून मागे बसून तो सगळं मनात घोकत असतो. नाचाचं आणि त्याचं कायमचं वाकडं, त्यामुळे बिचाऱ्याला घाम फुटतो. "तोंडच तसं आहे माझं, मॅडम. ताईंना काही वाटलं का?" असं त्याने विचारलं. मी काय सांगणार, कपाळ?

आणि त्या दिवशीचं मी दारातून पाहिलंय, तेव्हा माझ्याशी साळसूदपणा नको. पोरांकडे तोंड करून शिकवताना आपण उलटं वळतो. 'उजवीकडे' म्हणायचं आणि स्वतः डावीकडे जायचं, म्हणजे त्यांना आरशात बघितल्यासारखं सोपं जातं. तू हे झोपेतही करशील. पण तुझं सगळं लक्ष त्या ड्रायव्हरच्या कपाळावर. 'उजवीकडे गिरकी' म्हणालीस आणि वळलीस स्वतःच्याच उजवीकडे. सगळी पोरं तुला बघून डावीकडे वळली. एकट्या त्याच्या लेकीने तुझा शब्द ऐकला, ती बरोबर वळली आणि शेजारणीवर जाऊन आदळली. सगळा वर्ग हसला. चूक तुझी हे तुला तिथेच कळलं, कारण तुझा चेहरा पांढराफटक पडला होता. तू गाणं मध्येच बंद केलंस, 'आज एवढंच' म्हणालीस आणि एकाही पोराकडे न बघता चपला पायात सरकवून निघून गेलीस.

चुकलीस याचा मला राग नाही. अशी मीही वळते. 'अगं बाई, मीच चुकले' म्हणते आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून लावते. एवढंच करायचं होतं तुला.

रविवारी तुझा परीक्षेचा पाठ आहे, याच पोरांवर. तू आजारी आहेस अशी थाप मी परीक्षकांना मारलेली नाही आणि मारणारही नाही. आली नाहीस तर वर्ष गेलं. पण खरं सांगू? तुझं वर्ष वाचवायला मी एवढे कागद काळे केले नसते.

काल तुझा वर्ग मी घेतला. गिरकी आली की ती पोरगी नुसती उभी राहायची, आधी शेजारणीकडे बघायची आणि मग पाय उचलायची. सगळी गेल्यावरही बुटाची नाडी बांधत रेंगाळली. मी शेजारी बसले, तर मान वर न करता म्हणाली, "मी चुकीच्या बाजूला वळले म्हणून ताई गेल्या का?" मी तिला सगळं सांगितलं. म्हटलं, "तू एकटीच बरोबर होतीस, ताई चुकल्या." तिला ते पटलं नाही. शिकवणारे कधी चुकतात का, म्हणाली. मी तिची समजूत काढतेय असंच तिला वाटलं. माझ्या तोंडून ते तिला खरं वाटणार नाही, ते तुलाच सांगावं लागेल. रविवारी जरा आधी ये. ती नेहमीच लवकर येते.

तुझीच, राग अजून तसाच असलेली,
मॅडम